धूर आणि साखर

दिल्ली शहरातून पूर्वेकडे जाताना यमुना ओलांडली की मयूर विहार ही वसाहत लागते. १९८० नंतरच्या काळात दिल्ली विकास प्राधिकरणाच्या आखणीप्रमाणे ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. सरकारी नोकर, प्राध्यापक, पत्रकार, बँकांतील अधिकारी अशा पगारदार माणसांच्या सहकारी गृहसंस्था तिथे उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्रातून राजधानीत आलेली काही कुटुंबेही त्यांत स्थिरावली. या भूमीशी मराठ्यांचा संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे. मयूर विहारला लागूनच पटपडगंज आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात दौलतराव शिंद्यांच्या पलटणी आणि जनरल लेकची फौज यांची गाठ पडली. शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी लुई बूर्कें हा फ्रेंच होता. दिवस मावळेपर्यंत लढाईचा निकाल लागला आणि दिल्लीवरची मराठ्यांची सत्ता संपली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नॉयडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

फौजांच्या या येण्याजाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दक्षिणेतून उत्तरेस गेलेल्या एका वस्तूचा इतिहास त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असतो. पटपडगंजच्या लढाईपूर्वी सुमारे दोनशे वर्षे ती वस्तू विजापूरहून निघाली आणि आग्र्यास अकबर बादशहाच्या हाती पडली. फौजा गेल्या तशा परतल्या. ती वस्तू परतली नाही. ती वस्तू म्हणजे तंबाखू. आज मयूर विहारच्या बाजारातून हिंडताना पानपट्टीवर सिगारेटची पाकिटे मांडलेली दिसतात आणि थोड्याच अंतरावर औषधांच्या दुकानात रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या विकावयास ठेवलेल्या असतात. या दोन दुकानांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका गिऱ्हाइकाला सहसा येत नाही. ती न येण्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. खुद्द वैद्यकशास्त्राला हा संबंध ओळखण्यास जवळजवळ चार शतके लागली.

या कथेचा आरंभ असद बेग नावाच्या मोगल अधिकाऱ्यापासून करावा लागतो. अकबराचा पुत्र दानियाल याचा विवाह विजापूरच्या आदिलशाही राजकन्येशी ठरला होता, त्या कामी बादशहाने असद बेगला विजापुरास धाडले होते. तिथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तर हिंदुस्थानात त्याला ती कधी दिसली नव्हती. पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर आणलेले हे पान घाट चढून विजापूरच्या दरबारी रुळले होते. मराठीतला तंबाखू हा शब्दही पोर्तुगीजांच्या बोलीतूनच आलेला आहे. असद बेगने थोडी तंबाखू बरोबर घेतली आणि बादशहास साजेल अशी एक नळी तयार करविली. तिची दांडी आचिनहून आलेली, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक आणि वर सोन्याची चिलीम. १६०४-०५ च्या सुमारास हा नजराणा अकबरापुढे ठेवण्यात आला. पुढे काय घडले हे असद बेगने आपल्या फारसी वृत्तांतात लिहून ठेवले आहे, आणि हिंदुस्थानातील आरोग्यविषयक वादाची इतकी जिवंत नोंद त्या काळातली क्वचितच सापडते.

बादशहाने ती अपूर्व वस्तू पाहून चौकशी केली. दरबारातील खान-ई-आझमने सांगितले की ही तंबाखू; मक्का-मदिनेकडे ती सुपरिचित आहे आणि हुजुरांसाठी ती औषध म्हणून आणली आहे. अकबराने नळी तोंडास लावली. तेव्हा राजवैद्याने त्याला अडविले. आणणाऱ्याचे मन राखावे म्हणून बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि मग वाद सुरू झाला. दरबारच्या हकिमाचे म्हणणे असे की, हे न पारखलेले द्रव्य आहे; आमच्या ग्रंथांत याचा गुणदोष कोठे सांगितलेला नाही; ज्याची परीक्षा झालेली नाही ते बादशहाला द्यावे कसे? असद बेगचे उत्तर असे की, जगातील प्रत्येक चाल केव्हा तरी नवीनच होती. चोपचिनीही अलीकडेच आली आणि औषधांत मान्य झाली. युरोपातील शहाणे वैद्य या पानाची स्तुती करतात, ते काय उगाच? बादशहाला हा युक्तिवाद आवडला. त्याने स्वतः व्यसन लावून घेतले नाही, पण सरदारांनी तंबाखू मागविली, व्यापाऱ्यांनी ती विकावयास सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत ती सर्वत्र पसरली.

या प्रसंगी हकीम जुनाट आणि असद बेग पुरोगामी होता, असे वाटण्याचा संभव आहे. युरोपातील वैद्यांची स्तुती ही असद बेगने रचलेली थाप नव्हती. फ्रान्सचा लिस्बनमधील वकील जाँ निको याने १५६० च्या सुमारास हे पान औषधी म्हणून फ्रेंच दरबारी धाडले होते आणि सेव्हिलच्या मोनार्देस या वैद्याने त्याचे गुण वर्णिले होते. निकोटिन हे नाव त्या निकोवरूनच पडले. तथापि हकिमाचा प्रश्न साधा होता : परीक्षा केव्हा झाली आणि ती कोणी केली? त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी दरबारातील कोणाजवळही नव्हते.

हुक्क्याच्या शोधाविषयीची आख्यायिका येथे सांगण्यासारखी आहे. अकबराच्या पदरी असलेल्या हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून नेण्याची युक्ती काढली, म्हणजे त्यातील विकार पाण्यात उरतो, असे सांगतात. गंमत अशी की अबुल फतह १५८९ मध्ये वारला, आणि असद बेगची तंबाखू त्यानंतर पंधरा वर्षांनी दरबारात आली. काळाचा मेळ बसत नाही. पण आख्यायिकेतली कल्पना मात्र चिवट निघाली. धूर पाण्यातून गेला की निर्मळ होतो, ही तिची पहिली आवृत्ती. विसाव्या शतकात सिगारेटच्या टोकाला फिल्टर आला तेव्हा दुसरी निघाली. एकविसाव्या शतकात धुराच्या जागी वाफ आली, ती तिसरी.

बंदीचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत. १६०४ मध्येच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यावरील जकात भरमसाट वाढविली. जहांगीराने १६१७ मध्ये फर्मान काढून तंबाखू ओढण्यास मनाई केली. इराणच्या शाह अब्बासनेही तसेच केले होते. जहांगीराचा वकील खान आलम हा इराणच्या दरबारी गेला असता त्याला तंबाखूवाचून राहवेना, तेव्हा शाहने त्याच्यापुरती सवलत दिली. कायद्याची जरब आणि वकिलाची तलफ यांत कोण जिंकले हे निराळे सांगावयास नको. जेम्स राजाच्या राज्यातही तंबाखू वाढतच राहिली आणि जकातीचे उत्पन्न खजिन्याला हवेसे वाटू लागले. जमाबंदी आणि आरोग्य या दोन खात्यांचा हा पेच तेव्हापासूनचा आहे.

मराठी मुलखात तंबाखूने नाना रूपे घेतली. गुडगुडी सरदाराची, चिलीम बैराग्याची आणि शेतकऱ्याची, तपकीर शास्त्रीबुवांची, चुन्याशी मळलेली चिमूट कष्टकऱ्याची, आणि भाजून पूड केलेली मशेरी बायकांची. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली विडी आली ती पुढे, आणि तिने सिन्नर, सोलापूर, कामठी, गोंदिया अशा गावांतील हजारो घरांची चूल पेटविली. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी १९८१ मध्ये जे आंदोलन केले त्यात गोळीबार होऊन शेतकरी प्राणास मुकले. या पानात किती माणसांचा संसार गुंतलेला आहे, हे विसरून त्याच्या अपायाची चर्चा करणे फार सोपे असते. पिकवणारा, वळणारी आणि ओढणारा या तिघांपैकी कोणीही या व्यापारात श्रीमंत झाल्याचे विशेष दिसत नाही.

अपायाची शंका शरीरशास्त्राला प्रथम आली ती छातीविषयी. साखरेचा विषय त्या आधीच, पण विलक्षण उलट्या अर्थाने, चर्चेत आला होता. १९२८ मध्ये अमेरिकेतील लकी स्ट्राइक सिगारेटच्या मालकांनी एक जाहिरात काढली : गोड खाण्याची इच्छा झाली की मिठाईऐवजी आमची सिगारेट घ्या. बायकांना सडपातळ राहण्याची हौस असते हे हेरून रचलेली ही जाहिरात इतकी गाजली की मिठाईवाल्यांनी तिच्याविरुद्ध ओरड केली. पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठातील हॅगार्ड आणि ग्रीनबर्ग या दोघा संशोधकांनी प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिगारेट ओढल्यावर रक्तातील साखर वाढते आणि थकवा गेल्यासारखा वाटतो तो त्यामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. इतर प्रयोगशाळांत हा निष्कर्ष एकसारखा आला नाही. पण कॅमल सिगारेटच्या जाहिरातदारांना तेवढे पुरले. दमलेल्या माणसाने सिगारेट ओढावी, म्हणजे अंगातील साठलेली शक्ती मोकळी होते, असे ते सांगू लागले. असले दावे करण्यास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मनाई केली, पण ती १९५० मध्ये.

या दोन जाहिरातींकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. धूम्रपानाने भूक मरते, माणूस बारीक राहतो, आणि रक्तात साखर उतरते, या तिन्ही गोष्टी लोकांना आरंभीच दाखविण्यात आल्या होत्या. त्या लपविल्या गेल्या नाहीत. गुण म्हणून विकल्या गेल्या.

यानंतर आली ती फुप्फुसाच्या कर्करोगाची चौकशी. १९५० मध्ये इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांची सांगड दाखवून दिली. मुंबईही या कामात मागे नव्हती. व्ही. आर. खानोलकर, एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांनी मुंबईतील रुग्णांची पाहणी करून तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. विडी आणि पानतंबाखू यांच्या देशात हे काम व्हावे आणि त्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा हात असावा, हे योग्यच झाले. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा अहवाल निघाला आणि फुप्फुसाबद्दलचा वाद बहुतांशी मिटला. हृदयविकाराचाही पुरावा साठत गेला. मधुमेह मात्र या आरोपपत्रात नव्हता.

तो का नव्हता? एक कारण मधुमेहाच्याच ज्ञानात दडलेले आहे. चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडे मधुमेहाची लक्षणे वर्णिलेली आहेत. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात ही खूण आपल्या वैद्यांना ठाऊक होती. १९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले, तेव्हा मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव अशी सर्वांची समजूत झाली. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखविले की, कित्येक मधुमेह्यांचे शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. पण ही गोष्ट मोजणार कशी? त्यासाठी काही दशके जावी लागली. स्टॅनफर्डचे जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात इन्सुलिनला न जुमानणे, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेली रक्तातील मेदद्रव्ये हा सारा एकाच कुटुंबाचा कारभार असल्याचे प्रतिपादन केले. या संपूर्ण बिघाडाला आज चयापचयाचा बिघाड म्हणतात.

त्यानंतर चार वर्षांनी, १९९२ मध्ये, रीव्हन यांच्याच प्रयोगशाळेतून फाकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा लेख लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणारी वीस निरोगी माणसे आणि न करणारी वीस, वयाने आणि देहयष्टीने सारखी, अशी त्यांनी तपासली. साखर पाजल्यानंतर दोन्ही गटांच्या रक्तातील साखर जवळजवळ सारखीच निघाली. पण तेवढी साखर आवरण्यासाठी ओढणाऱ्यांच्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवावे लागत होते. साखरेचा आकडा ठीक आणि तो ठीक ठेवण्याचा खर्च मात्र वाढलेला! सरकारी अंदाजपत्रकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ही स्थिती चटकन समजेल. शिल्लक दिसते तोवर कोणी विचारत नाही. कर्ज किती झाले ते पुढे कळते. नुसती साखर मोजणाऱ्या वैद्याला हा बिघाड वर्षानुवर्षे दिसला नाही, याचे मर्म येथे आहे.

निकोटिन हे नेमके काय करते, हेही आता बऱ्याच अंशी ठाऊक झाले आहे. झुरक्याबरोबर ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींना ॲड्रिनालिन सोडावयास लावते. संकट आल्यासारखे शरीर सज्ज होते. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते, आणि चरबीच्या पेशी मेदाम्ले बाहेर टाकतात. ही मेदाम्ले स्नायूंत शिरली की स्नायू इन्सुलिनची आज्ञा पाळीनासे होतात. दिवसातून वीस वेळा हे खोटे संकट आले तर शरीराला विसावा कोठला? शिवाय धुरातील इतर द्रव्यांनी रक्तवाहिन्यांत आणि पेशींत सूक्ष्म दाह चालू राहतो, तो निराळाच. आणि ज्याला बारीकपणा म्हणतात तोही फसवा असतो. धूम्रपान करणाऱ्याचे वजन सरासरीने काही किलोंनी कमी भरते, परंतु त्याच्या अंगावर जी चरबी असते ती कमरेपेक्षा पोटात अधिक साठते, आणि मधुमेहाच्या दृष्टीने पोटातली चरबीच घातक आहे.

हिंदुस्थानी माणसाच्या बाबतीत ही फसवणूक दुहेरी होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने दाखविले आहे की, आपल्याकडचे बाळ जन्मतः वजनाने हलके असले तरी त्याच्या देहात चरबीचा वाटा मोठा असतो. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. उंची-वजनाच्या गणिताने दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. बाहेरून कृश आणि आतून स्थूल, असा हा देह. त्याच्या हाती सिगारेट किंवा विडी आली की आरशातली आकृती आणखी सडपातळ होते आणि आतला हिशेब आणखी बिघडतो.

एकदा दिशा सापडल्यावर पुरावा वेगाने जमला. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील कारोल विली आणि सहकाऱ्यांनी पंचवीस दीर्घकालीन पाहण्या एकत्र केल्या. त्यांत बारा लाख माणसांची नोंद होती. धूम्रपान करणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या ४४ टक्के अधिक निघाले, आणि दिवसाला वीस किंवा त्याहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत ६१ टक्के. ल्यूथर टेरी यांच्या अहवालाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, अमेरिकेच्या सर्जन जनरलने धूम्रपान हे मधुमेहाचे एक कारणच आहे, असे प्रथम निःसंदिग्धपणे लिहिले. फुप्फुसाच्या आरोपाला १९६४ हे साल लागले होते; साखरेच्या आरोपाला त्यापुढे अर्धशतक गेले.

दिल्लीच्या दृष्टीने हा उशीर महागात पडणारा होता. २०१०-११ मध्ये दिल्ली, चेन्नई आणि कराची या शहरांत एक मोठी पाहणी झाली, तीत दिल्लीतील सुमारे चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आढळला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आधाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची तेरा कोटी साठ लाखांच्या घरात धरलेली आहे. याचा सारा दोष तंबाखूच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बैठी नोकरी, तळलेले खाणे, अपुरी झोप आणि वंशपरंपरा यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण ज्या देहाचे पारडे आधीच कललेले आहे त्यावर तंबाखूचे वजन पडते, एवढे निश्चित.

कायद्याच्या बाबतीत दिल्ली मागे राहिली नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान रोखणारा तिचा कायदा १९९६ चा आहे. २००१ मध्ये मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला देशभर आळा घालण्याचे आदेश दिले. २००३ मध्ये संसदेचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम अमलात आले. एवढ्यात नवी वस्तू दाराशी आली होती. होन लिक नावाच्या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये विजेच्या सिगारेटची रचना केली. तीत पान नाही, आग नाही, राख नाही. एक घटी, एक तापणारी तार, आणि निकोटिन मिसळलेला, फळांचा किंवा मिठाईचा स्वाद दिलेला द्रव. तो तापून त्याची वाफ होते आणि ती ओढायची. सिगारेट सुटावी म्हणून हे साधन उपयोगी पडेल, अशी त्याची शिफारस झाली. जळणाच्या अभावी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड वाफेत उतरत नाही हे खरे आहे, आणि ब्रिटनने त्या आधारावर या साधनाला सिगारेट सोडविण्याच्या कामी स्थान दिले. भारताने उलट मार्ग धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विजेची सिगारेट बनविणे, आणणे, विकणे, तिची जाहिरात करणे या सर्वांस मनाई झाली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्या वेळी झालेला वाद ऐकताना असद बेगच्या वृत्तांताची आठवण होणे अपरिहार्य होते. एका पक्षाचे म्हणणे, वस्तू नवी आहे, परीक्षा झालेली नाही, तेव्हा मुलांच्या हाती ती पडू नये. दुसऱ्याचे म्हणणे, जुनी घातक वस्तू दुकानात उघड विकली जाते आणि तिच्याहून सौम्य वस्तूवर बंदी, हा कोणता न्याय? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न खोटा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. विजेची सिगारेट वापरणारे त्या पाहणीत जवळजवळ नगण्य होते. विडी आणि सिगारेट यांवर सिद्ध झालेला दोष तसाच राहिला आणि बंदी आली ती दोष सिद्ध व्हावयाच्या वस्तूवर. तथापि पहिल्या पक्षाकडे या वेळी एक गोष्ट होती जी अकबराच्या हकिमाकडे नव्हती : वाफेतही तेच निकोटिन आहे, आणि निकोटिनची परीक्षा पुष्कळशी झालेली आहे.

स्वीडनमधील योटेबोर्ग येथे १९९६ मध्ये एलियासन आणि सहकाऱ्यांनी एक मार्मिक तपासणी केली होती. सिगारेट सोडून निकोटिनयुक्त गोंद दीर्घकाळ चघळणारी माणसे त्यांनी घेतली. धूर नाही, डांबर नाही. तरी त्यांचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होते, आणि निकोटिन जितके अधिक तितकी ही बेपर्वाई अधिक. याचा अर्थ साखरेच्या बाबतीत अपराध केवळ धुराचा नव्हे. ज्या महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळणे आणि मशेरी लावणे कितीतरी अधिक चालते, तिथे हा निष्कर्ष विशेष ध्यानात ठेवावा लागेल. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवण्याची रीत आहे, तिच्या अतिसेवनाचाही मधुमेहाशी संबंध पुढील पाहण्यांत दिसून आला आहे. खुद्द वाफेविषयी मात्र न्यायाधीशाचा सावधपणा ठेवला पाहिजे. २०२२ मध्ये अमेरिकेतील सुमारे सहा लाख प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले की, विजेची सिगारेट ओढणाऱ्यांत मधुमेहपूर्व अवस्था असण्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक होती. परंतु ती माहिती एकाच वेळची आहे; आधी वाफ आणि मग साखर, हा क्रम तिने सिद्ध होत नाही. वाफ ओढणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी सिगारेट ओढलेली असते, त्यामुळे दोष कोणाचा हे वेगळे काढणे कठीण जाते. हे साधन जन्मून थोडीच वर्षे झाली आहेत. मधुमेहाला मुरावयास दहा-वीस वर्षे लागतात.

तंबाखू सोडणाऱ्याचे काय होते, हा या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा आणि घरोघरी उपयोगी पडणारा भाग. सोडल्यावर भूक परतते, जिभेला चव येते, आणि वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. ते पाहून घरची मंडळी म्हणतात, ओढत होता तेव्हा बरा होता. आणि पुष्कळ जण या एका वाक्यापायी पुन्हा पाकीट उघडतात. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्यव्यवसायातील इतर मंडळी यांच्या दीर्घ नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात सोडल्यानंतरची काही वर्षे मधुमेहाचा धोका खरोखरच वाढलेला दिसला. पाचव्या ते सातव्या वर्षी तो शिखरास पोहोचला आणि मग उतरत गेला. ज्यांनी वजन आवरले त्यांच्यात तो वाढलाच नाही. आणि वजन वाढो वा न वाढो, सोडणाऱ्यांचे आयुष्य ओढत राहिलेल्यांपेक्षा अधिक ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मधुमेहदिनी प्रसिद्ध केलेल्या टिपणात तंबाखू सोडल्याने मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी घटतो, असे नमूद केले आहे.

याहून लहान, पण अधिक आशादायक असे एक काम २०१२ मध्ये बर्गमन आणि सहकाऱ्यांनी केले. धूम्रपान करणाऱ्या काही माणसांना त्यांनी सिगारेट बंद करावयास लावली आणि थोड्याच दिवसांनी त्यांचे रक्त आणि स्नायू पुन्हा तपासले. स्वादुपिंडावर वर्षानुवर्षे पडलेला जादा बोजा एक-दोन आठवड्यांतच हलका होऊ लागलेला त्यांना आढळला. मधुमेहाच्या रुग्णाला तंबाखूविषयी विचारणे हे त्यामुळे आता फुप्फुसाच्या डॉक्टरांपुरते काम राहिलेले नाही. विडी, सिगारेट, मशेरी, गुटखा, वाफ, यांपैकी काय घेता आणि दिवसातून कितीदा, हा प्रश्न साखरेचा कागद पाहण्याआधी विचारावा लागतो. आणि सोडण्याचे ठरले तर त्याच दिवसापासून कमरेचे माप आणि साखर या दोहोंची नोंद ठेवावी लागते, म्हणजे पहिल्या वर्षी वाढलेल्या चार किलोंनी रुग्ण किंवा त्याची घरची मंडळी घाबरून जात नाहीत.